महाविद्यालयाच्या परिसरातील घर आणि घराखालची जमीन : वसईच्या गृहवस्तीचा एक ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

वसईचा इतिहास लिहिताना आपल्याकडील लेखणी बहुधा किल्ल्याच्या तटावरच घुटमळते. १५३४ चा तह, १७३९ ची चिमाजी अप्पांची मोहीम आणि १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला तह या तीन प्रसंगांभोवती सारे लेखन फिरते. त्या तटाच्या आत माणसे राहत होती, त्यांची घरे होती, ती त्यांना कोणत्या हक्काने मिळाली होती आणि ती सोडून जाताना त्यांना काय नेता आले, हे प्रश्न मात्र सहसा विचारले जात नाहीत. लढाईचा इतिहास रोमहर्षक असतो, घराचा नसतो, हे त्याचे एक कारण असावे. दुसरे कारण असे की, घराचा इतिहास हा जमिनीच्या दफ्तराचा इतिहास असतो, आणि दफ्तर वाचणे हे काम कंटाळवाणे असते.

प्रस्तुत निबंधात वसईतील दोन विद्यासंस्थांच्या परिसरातील घरांचा विचार केला आहे. पहिली संस्था म्हणजे किल्ल्यातील जेझुइट धर्मगुरूंचे महाविद्यालय. दुसरी, १९७० च्या सुमारास विद्यावर्धिनी संस्थेच्या रूपाने वसई रोड रेल्वे स्थानकाजवळ उभी राहिलेली आणि अण्णासाहेब वर्तक यांचे नाव धारण करणारी. या दोहोंत चार शतकांचे अंतर आहे. राज्यसत्ता, भाषा, धर्म, विद्येची कल्पना, सारेच निराळे आहे. तरीही दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान दिसते. विद्यासंस्थेच्या आसपास राहावयास आलेल्याला घर मिळाले, परंतु त्या घराखालची जमीन निर्वेधपणे त्याच्या नावावर क्वचितच झाली. वसईसारख्या गावात घर घेणे म्हणजे नेमके काय घेणे, हा प्रश्न त्यामुळे जुनाही आहे आणि आजचाही.

तटाच्या आत

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर १५३४ मध्ये वसई व तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. पुढील दोनशे वर्षे वसई ही पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. सोळाव्या शतकाच्या मध्यास जेझुइट येथे आले आणि त्यांनी येशूच्या पवित्र नावाचे महाविद्यालय स्थापिले. येथे 'महाविद्यालय' या शब्दाने फसू नये. आजच्या अर्थाने पदवी देणारी ही संस्था नव्हती. धर्मगुरूंचा निवास, मुलांची शाळा, चर्च आणि जमीनजुमल्याची व्यवस्था पाहणारी कचेरी या सर्वांचे ते एकत्रित रूप होते. वसईत सुमारे १५५६ मध्ये पोर्तुगीज पिता व स्थानिक माता यांच्या पोटी जन्मलेले गोन्सालो गार्सिया जेझुइटांच्याच सहवासात शिकले, जपानला गेले, तेथे व्यापार केला, पुढे फ्रान्सिस्कन झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. त्यांच्या नावाचे एक महाविद्यालय आज वसईत आहे. किल्ल्यातील जुन्या महाविद्यालयाची कमानीची दर्शनी भिंत आणि तिचे दगडी खांबही आज उभे आहेत.

जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य १६७५ मध्ये वसईस आला होता. त्याने या नगराचे जे वर्णन केले आहे, ते वाचताना एका संपन्न विद्यानगरीचे चित्र समोर येते. आच्छादित सज्जे असलेली भव्य घरे, काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने बसविलेल्या उंच खिडक्या, चर्चे, मठ, जेझुइटांचे आणि फ्रान्सिस्कनांचे अशी दोन महाविद्यालये, आणि इतिहास, नीती व धर्मग्रंथांवरील भाष्ये असलेला ग्रंथसंग्रह. परंतु याच वर्णनात एक नोंद अशीही आहे की, ख्रिस्ती नसलेल्यांना रात्री तटाच्या आत मुक्काम करता येत नसे. वाणी दिवसभर व्यापार करीत आणि सायंकाळी बाहेर पडत. म्हणजे या परिसरात घर असणे ही केवळ ऐपतीची बाब नव्हती. कोण येथे झोपू शकेल, हे आधी ठरलेले होते.

ज्यांना झोपता येत होते, त्यांचा हक्क तरी किती पक्का होता? पोर्तुगीज राजवटीत गावे 'अफोरामेंतो' नावाच्या पद्धतीने दिली जात. ठरावीक वार्षिक खंड भरायचा, गरज पडल्यास घोडा व हत्यारबंद माणसे घेऊन राजाच्या चाकरीस हजर व्हायचे, आणि त्या बदल्यात गावाचे उत्पन्न घ्यायचे. हा हक्क सामान्यतः तीन हयातींपुरता असे. सिमाँव बोतेल्यू याने १५५४ मध्ये तयार केलेल्या महसुली नोंदवहीत वसईच्या अखत्यारीतील गावांचे असे खंड नमूद आहेत. मुंबई बेटाचेही तेच होते. प्रसिद्ध वैद्य गार्सिया द ओर्ता याच्याकडे ते अशाच खंडाने होते, आणि १६६१ च्या विवाह-करारान्वये तेच बेट इंग्लंडच्या राजाकडे हुंड्यात गेले. जमीन अशी वरच्या वर हात बदलत होती. तीवर राबणाऱ्या कुणब्याला किंवा तीवर घर बांधणाऱ्या रहिवाशाला त्यात विचारण्याचा प्रश्नच नव्हता. धर्मसंस्थांनाही गावे व उत्पन्ने मिळाली. धर्मसंस्थेला वारसाची चिंता नसते, त्यामुळे तिच्याकडे गेलेली जमीन सहसा परत फिरत नसे.

मे १७३९ मध्ये वसई पडली. शरणागतीच्या अटींनुसार सैन्याने शस्त्रांसह बाहेर पडावे, आणि ज्या रहिवाशांना जायचे असेल त्यांनी आपली चल मालमत्ता घेऊन जावे, असे ठरले. मुदत होती आठ दिवसांची. मराठ्यांनी दिलेल्या या अटी त्या काळाच्या मानाने उदार होत्या, यात शंका नाही. तरी 'चल मालमत्ता' या दोन शब्दांपाशी थांबावे असे वाटते. शिंपल्यांच्या तावदानांची घरे चल नव्हती. ज्या कुटुंबांची दोन-तीन पिढ्यांची प्रतिष्ठा एका घरावर आणि काही गावांच्या खंडावर उभी होती, त्यांच्याकडे गोव्याच्या गलबतावर चढताना भांडी, दागिने आणि कागद एवढेच उरले असणार. ज्या राजसत्तेने हक्क दिला ती सत्ताच गेल्यावर कागदांची किंमतही संपली.

पुढे ब्रिटिश अमदानीत किल्ल्याच्या आतील जमीन भाडेपट्ट्याने दिली गेली, तेथे लागवड झाली, काही काळ साखरेचा उद्योगही चालला. १८७६ मध्ये जे. गर्सन द कुन्हा यांनी चौल व वसईच्या अवशेषांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तोपर्यंत नगराचे अवशेषच उरले होते.

वाडीतले घर

किल्ल्यातील वस्ती उठली, तरी वसईचा गाव उठला नाही. किंबहुना खरा वसईकर किल्ल्यात कधी राहिलाच नव्हता. तो वाडीत राहत होता. नारळी-पोफळी, केळी, पानवेली आणि फुलझाडे यांच्या मधोमध बांधलेले घर, पुढे ओटी, मागे पडवी, शेजारी रहाटाची विहीर आणि पावसाचे पाणी साठविणारे बावखल, अशी ही रचना. सामवेदी, वाडवळ, पाचकळशी, भंडारी, कोळी आणि ख्रिस्ती कुपारी अशा समाजांच्या वाड्या एकमेकींना लागून आहेत. या घरांची खरेदी-विक्री फारशी होत नसे. घर वारसाने यायचे, भावाभावांत भिंत घालून विभागले जायचे. 'घर घेतले' असे कोणी म्हणत नसे. 'घर बांधले' किंवा 'घर वाटणीत आले' असेच म्हटले जाई. भाषेतील हा भेद लहान नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात कूळकायद्याने येथील जमिनीचे चित्र बदलले. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमानुसार १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिनी' कसणारी कुळे मालक मानली गेली. चार शतकांत प्रथमच कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर मालक म्हणून लागण्याचा मार्ग खुला झाला. याच अधिनियमाच्या ६३ व्या कलमाने शेतकरी नसलेल्यास शेतजमीन विकत घेण्यास मनाई केली. हेतू स्तुत्य होता. परंतु त्याचा एक परिणाम आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बाहेरून वसईत येणारा शिक्षक, कारकून वा प्राध्यापक वाडी घेऊ शकत नव्हता. त्याला घ्यायचेच झाले, तर बिनशेती झालेल्या भूखंडावरील इमारतीतील एक गाळाच घेता येत होता.

स्थानकाजवळचे महाविद्यालय

रेल्वे १८६० च्या दशकात वसईस आली. विरारहून मुंबईकडे उपनगरी गाडी एप्रिल १८६७ मध्ये सुरू झाली आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत विद्युतीकरण झाले. स्थानक किल्ल्याजवळ नव्हते. ते नवघर-माणिकपूरच्या शिवारात, भातखाचरे आणि मिठागरे यांच्या सान्निध्यात होते. वसईतील मुले एल्फिन्स्टन, विल्सन वा झेवियर महाविद्यालयात जाण्यासाठी याच स्थानकावर गाडी पकडीत. उच्च शिक्षण म्हणजे रोज मुंबई, हे समीकरण येथे पक्के बसले होते. भाऊसाहेब वर्तक यांच्या पुढाकाराने वसई रोड येथे महाविद्यालय उभे राहिले, तेव्हा ते समीकरण प्रथम मोडले. विशेषतः मुलींच्या बाबतीत या घटनेचे मोल मोठे आहे. ज्या घरांतून मुलीला एकटीने मुंबईस पाठविण्याची तयारी नव्हती, त्या घरांतील मुली येथे पदवीधर झाल्या.

महाविद्यालय आले की त्याच्याभोवती वस्ती येते, हा अनुभव नवा नाही. मुंबईत दादर-माटुंग्याचा परिसर पाहावा. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार मंडळाने तेथे आधी रस्ते आखले, भूखंड पाडले, दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे दिले, मग इमारती झाल्या. १९२३ मध्ये तंत्रशिक्षणाची व्हीजेटीआय ही संस्था तेथे आली आणि १९३७ मध्ये रुइया महाविद्यालय. त्याआधीच, १९१५ मध्ये, गावदेवीस सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली होती आणि मध्यमवर्गाने एकत्र येऊन घर व जमीन दोन्ही संस्थेच्या नावे ठेवण्याचा पायंडा पडला होता. वसईत क्रम उलटा झाला. आधी महाविद्यालय, मग इमारती, त्यानंतर रस्ते, आणि पाणी सर्वांत शेवटी.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर मुंबईत भाड्याने देण्यासाठी घरे बांधणे किफायतशीर राहिले नव्हते. पागडी परवडणारी नव्हती. १९७७ मध्ये एचडीएफसीची स्थापना झाली आणि पगारदाराला घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज मिळू लागले. गिरगाव, परळ, लालबाग येथील मराठी कुटुंबांची दुसरी पिढी लग्नानंतर बोरिवलीच्या पुढे सरकू लागली, ती याच काळात. वसई रोडला त्यांना तीन गोष्टी मिळत होत्या. स्वस्त गाळा, थेट गाडी आणि मुलांसाठी चालत जाण्याच्या अंतरावरील महाविद्यालय. दोन शयनगृहांचे स्वप्न घेऊन आलेले बहुतेक जण एका खोलीवर आणि स्वयंपाकघरावर समाधान मानीत. आरंभी अनेकांनी 'हेवी डिपॉझिट'वर घर घेतले, पुढे त्याच गल्लीत गाळा विकत घेतला. २००१ च्या जनगणनेत नवघर-माणिकपूरची लोकसंख्या सुमारे १ लाख १६ हजार होती, तर जुन्या वसई शहराची सुमारे ४९ हजार. स्थानकाजवळची वस्ती मूळ गावाच्या दुपटीहून अधिक झाली होती.

या वाढीला विरोध झाला नाही असे नाही. १९८८ मध्ये शासनाने हरित पट्ट्यातील बरीच जमीन बांधकामास मोकळी केली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. वाड्यांतील विहिरींचे पाणी टँकरने इमारतींना विकले जाऊ लागले, आणि त्यामुळे विहिरींत खारे पाणी शिरण्याचे भय निर्माण झाले, हा त्या आंदोलनातील कळीचा मुद्दा होता. १९९० मध्ये सिडको विशेष नियोजन प्राधिकरण झाले, २००७ मध्ये विकास आराखडा मंजूर झाला, २००९ मध्ये महानगरपालिका आली. आराखड्यास मंजुरी मिळेपर्यंत शहर बरेचसे बांधून झाले होते. गाळेधारक आणि वाडीवाले यांना या वादात अनेकदा परस्परांचे शत्रू म्हणून उभे केले गेले. प्रस्तुत लेखकाला हे मूळ दुखण्यावरून लक्ष उडविणारे वाटते. वाडीवाल्याचे पाणी गेले आणि गाळेधारकाला जमीन मिळाली नाही. दोघांचेही नुकसान एकाच व्यवहारातले होते.

जमीन का मिळाली नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतच्या अधिनियमानुसार, म्हणजे 'मोफा'नुसार, बांधकाम करणाऱ्याने खरेदीदारांची सहकारी संस्था नोंदवावी आणि त्यानंतर चार महिन्यांत जमीन व इमारत यांचे अभिहस्तांतरण तिच्या नावे करून द्यावे. नियम स्पष्ट आहे. व्यवहारात मात्र विकासक व मूळ जमीनमालक यांच्यात केवळ विकसन करारनामा होत असे. सातबाऱ्यावर शेतकऱ्याचे, आणि पुढे त्याच्या वारसांचे, नाव तसेच राहत असे. गाळेधारकाजवळ नोंदणीकृत करारनामा, संस्थेचे भागपत्र आणि घरपट्टीची पावती असे. हे तीन कागद असले की घर आपले झाले, अशी सर्वांची, आणि आम्हा प्राध्यापकांचीही, समजूत होती. जगभरच्या भूसुधारणांचा इतिहास वर्गात शिकविणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या इमारतीचा सातबारा काढून पाहिला होता, असा प्रश्न स्वतःला विचारताना संकोच वाटतो.

प्रस्तुत लेखकाची संस्था याच परिसरातील आहे. विकासकाने अभिहस्तांतरण करून दिले नाही, पुढे तो व्यवसायच बंद करून निघून गेला. मूळ मालकांच्या घरातील एक वृद्ध गृहस्थ आमच्या इमारतीच्या फाटकाशी कधी कधी उभे राहत. एकदा ते सहज म्हणाले, "सर, घर तुमचं खरं, पण भुई अजून आमच्याच नावावर हाय. मी तर पैसे घेऊन तीस वर्षं झाली, आता माझ्या पोरांना कोण समजावणार?" त्यांच्या बोलण्यात कावा नव्हता. ते गेल्यावर सातबाऱ्यावर अकरा वारसांची नावे चढली.

मोफा अधिनियमात २००८ मध्ये झालेल्या दुरुस्तीने 'मानीव अभिहस्तांतरण' हा उपाय दिला. विकासक सही करीत नसल्यास संस्थेने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा आणि आदेशान्वये जमीन आपल्या नावे करून घ्यावी. २०१६ चा केंद्रीय स्थावर मालमत्ता अधिनियम आणि २०१७ पासून कार्यरत झालेले महारेरा यांनी नव्या खरेदीदाराला बरेच संरक्षण दिले. परंतु १९८० च्या दशकातील तीन-चार मजली, उद्वाहन नसलेल्या इमारती महारेराच्या कक्षेबाहेरच्या आहेत. त्यांचे सज्जे ढासळत आहेत, स्लॅबमधील सळया गंजून बाहेर आल्या आहेत, आणि पुनर्विकास करायचा तर जमिनीचा हक्क कोणाचा हा प्रश्न प्रथम उभा राहतो. निवृत्त शिक्षक, विधवा स्त्रिया, पेन्शनवर जगणारी माणसे यांनी आयुष्याची पुंजी ज्या भिंतींत घातली, त्या भिंती जीर्ण होत आहेत आणि त्यांखालची भूमी दुसऱ्याची आहे.

याहून गंभीर स्थिती अनधिकृत इमारतींतील रहिवाशांची झाली. नालासोपारा पूर्वेस सांडपाणी प्रक्रिया केंद्र व कचराभूमी यांसाठी आरक्षित जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २०२४-२५ मध्ये पाडण्यात आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेतील एका चार मजली अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून सतरा जण मृत्युमुखी पडले. नालासोपाऱ्यातील त्या इमारतींतही करारनामे झाले होते, पैसे दिले गेले होते, घरपट्टीही भरली जात होती. पाडकामाची नोटीस आल्यावर तेथील कुटुंबांनी जे बाहेर काढले ते पंखे, गॅस, कपाटे आणि भांडी. अर्थात, पुन्हा चल मालमत्ताच.

स्मारकाच्या शेजारी

किल्ल्याकडे वळून हा मागोवा थांबवावयाचा आहे, कारण तेथेही आज वस्ती आहे. किल्लाबंदर व पाचूबंदर येथील कोळीवाडे तटाला लागून आहेत. वसईचा किल्ला राष्ट्रीय महत्त्वाचे संरक्षित स्मारक असल्याने २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंतचे क्षेत्र बांधकामास प्रतिबंधित, आणि त्यापुढील दोनशे मीटर विनियमित आहे. या पट्ट्यात घर दुरुस्त करायचे, तरी परवानगी आवश्यक ठरते. स्मारकाचे रक्षण व्हावे, याविषयी दुमत असू शकत नाही. तथापि ज्यांच्या पूर्वजांची होडी तटाखाली लागत होती, त्यांनी छपराची कौले बदलण्यासाठी अर्ज घेऊन फिरावे, हे पाहून इतिहासाच्या अभ्यासकाला अस्वस्थ वाटल्यावाचून राहत नाही. अलीकडे या भागात 'किल्ल्याच्या सान्निध्यात' अशी जाहिरात करून भूखंड व बंगले विकले जातात. जाहिरातीत समुद्र असतो, तट असतो, जेझुइट महाविद्यालयाची कमान असते. मोजणीचा नकाशा आणि स्मारकापासूनचे अंतर मात्र तीत नसते.

आमच्या संस्थेने मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज केला, तेव्हा सचिवपदी वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका होत्या. अकरा वारसांना नोटिसा पोहोचविण्यासाठी त्या माणिकपूर, पापडी आणि पार मीरा रोडपर्यंत स्वतः गेल्या. एका वारसाने त्यांना ओळखले, कारण तो त्यांचाच विद्यार्थी होता. त्याने चहा दिला, नोटीस घेतली आणि हरकत नसल्याचे लिहून दिले. पुढे आदेश झाला, मुद्रांक भरला, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झाली. फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर संस्थेचे नाव लागले, त्या वेळी इमारतीच्या सोळा मूळ गाळेधारकांपैकी सात हयात होते.